तेल कोणते, आणि का?



सरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्यासाठी शाळेने मला पाचारण केले, तेव्हा प्रथम मला संकोचच वाटला. या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांवर अधिकारी मंडळी बोलून गेली आहेत. मी पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीतील एका पत्र्याच्या शेडमध्ये मोटरसायकली उघडण्यात आणि जोडण्यात हयात घालवलेला माणूस. त्या जागेच्या नावात पोलो आहे. पण मला आठवते तेव्हापासून तेथे घोड्यांच्या टापांऐवजी लेथचा आणि घणाचाच आवाज ऐकू येतो. वीज कंपनीच्या कचेरीकडे जाणारी वर्दळ आणि आमच्या शेडांतील काळे हात, एवढेच माझे जग.

तरीही मी होकार दिला, कारण सरांनी मला एकदा एक प्रश्न विचारला होता आणि त्याचे पुरते उत्तर मी त्यांना कधी देऊ शकलो नाही. प्रश्न मोटरसायकलीत घालावयाच्या तेलाविषयी होता. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु या सभागृहाबाहेर आज जी शेकडो दुचाकी वाहने उभी आहेत, त्यांतील प्रत्येकीचे आयुष्य त्या लिटरभर तेलावर अवलंबून आहे. म्हणून आज तेच उत्तर आपल्यापुढे मांडतो.

एक चूक

१९८६ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. सांवेर रस्त्यावरच्या एका खेड्यातून रोज पहाटे दोन मोठे कॅन लादून इंदुरात दूध घालणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांची मोटरसायकल टू-स्ट्रोक होती. भार घेऊन निघाले की एंजिन तापते आणि खडखड आवाज करते, ही तक्रार. माझे वय तिशीच्या आतले, आणि आमच्या उस्तादांकडून शिकलेले एक वचन मला वेदवाक्य वाटे: "तेल गाढ़ा तो इंजन तगड़ा." मी त्यांना सांगितले, पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाण दुप्पट करा, आणि टू-टी तेलाऐवजी चाळीस नंबरचे दाट एंजिन ऑइल मिसळा. एंजिन थंड राहील.

पंधरवड्याच्या आत ते एंजिन भर रस्त्यात जाम झाले. मागचे चाक अडकले, गाडी आडवी झाली, दूध डांबरावर सांडले आणि त्यांचे मनगट मोडले. रतिबाची घरे थोडीच थांबतात? हात बरा होईपर्यंत निम्मी घरे दुसऱ्याकडे गेली होती, आणि त्यांतील काही पुन्हा कधीच परत मिळाली नाहीत. मी एंजिन फुकट दुरुस्त करून दिले. त्या भल्या माणसाने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्यांचे म्हणणे इतकेच, की नशिबाचा भाग. नशिबाचा नव्हता, माझा होता, हे त्या वेळी मला कळत होते. पण नेमके काय चुकले, ते कळत नव्हते.

त्याच आठवड्यात सर आपली स्कूटर घेऊन शेडवर आले. टेबलावर तो काळवंडलेला, ओरखडलेला पिस्टन पडला होता. मी सारी हकिकत सांगितली. सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तू काय ओतायला सांगितलेस ते समजले. का सांगितलेस, ते सांग." मी गप्प. "ज्याचे कारण आपल्याला सांगता येत नाही, ते दुसऱ्याच्या एंजिनात ओतू नये," एवढे बोलून त्यांनी खिशातला खडू काढला आणि शेडच्या जमिनीवर आकृती काढावयास बसले.

तेल नेमके काय करते?

सरांनी काढलेली आकृती एका इंग्रज अभियंत्याच्या प्रयोगाची होती. १८८३ च्या सुमारास बोशँप टॉवर हे रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. बेअरिंगच्या वरच्या बाजूस तेल घालण्यासाठी त्यांनी एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. त्यांनी भोकात बूच ठोकले. तेलाने ते बाहेर ढकलले. शेवटी दाबमापक लावून पाहिले, तेव्हा आतील तेलाचा दाब बेअरिंगवरील सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक निघाला. याचा अर्थ असा, की फिरणारी आस धातूवर टेकलेलीच नव्हती. ती तेलावर तरंगत होती. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी त्यामागील गणित मांडले. फिरणारा भाग आपल्याबरोबर तेल ओढून निमुळत्या फटीत कोंबतो, त्यातून दाब निर्माण होतो आणि तो दाब सारा भार उचलून धरतो. हा तेलाचा थर अवघा काही मायक्रॉन जाडीचा असतो. आपल्या डोक्यावरचा केस त्याहून कितीतरी जाड.

मात्र हा तरंगता थर एंजिनात सर्वत्र टिकत नाही. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून क्षणभर थांबतो, किंवा सकाळी एंजिन प्रथम फिरते, तेव्हा थर तुटतो आणि धातू धातूला घासू पाहतो. अशा वेळी तेलात मिसळलेली पूरक द्रव्ये, त्यांतही जस्त आणि फॉस्फरस यांची संयुगे, धातूवर एक पातळ संरक्षक लेप धरतात. याशिवाय तेल उष्णता वाहून नेते, काजळी आणि झिजेचे कण पोटात घेते, पिस्टनच्या रिंगांशी सील धरते आणि गंज रोखते. हवेने थंड होणाऱ्या आपल्या साध्या मोटरसायकलीत तर शीतनाचा मोठा वाटा तेलाच्याच अंगावर पडतो.

म्हणजे तेल म्हणजे केवळ निसरडेपणा नव्हे. ते एंजिनाचे एक अंग आहे. पिस्टनचे माप जसे मनाला येईल तसे बदलता येत नाही, तसे तेलाचेही नाही.

डब्यावरचे आकडे

आता डब्यावरील आकड्यांकडे वळू. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली तेलांची दाटपणानुसार वर्गवारी सुरू केली. या दाटपणाला शास्त्रीय भाषेत श्यानता म्हणतात. थंडीत तूप थिजते आणि चुलीजवळ ठेवले की पाण्यासारखे वाहते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तेलाचेही तसेच, म्हणून एका तापमानाचा दाटपणा सांगून भागत नाही.

समजा डब्यावर २०डब्ल्यू-५० असे लिहिले आहे. यातील 'डब्ल्यू' हे इंग्रजीतील हिवाळ्याचे आद्याक्षर. पहिला आकडा गारठ्यातील वर्तन सांगतो. तो जितका लहान, तितके तेल थंडीत लवकर वाहते. दुसरा आकडा शंभर अंश सेल्सिअसला, म्हणजे तापलेल्या एंजिनात, तेल किती दाट राहते ते सांगतो. शंभर अंशांना चाळीस नंबरच्या तेलाची श्यानता १२.५ ते १६.३, आणि पन्नास नंबरची १६.३ ते २१.९ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद या मर्यादेत असावी लागते.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. २०डब्ल्यू-५० तेल थंडीत वीस नंबरचे असते आणि तापले की दाट होऊन पन्नासचे होते, असे अनेकांना वाटते. कोणतेही एंजिन तेल तापल्याने दाट होत नाही. असे तेल चाळीस अंशांना शंभर अंशांच्या मानाने आठ-नऊपट दाट असते. दोन आकड्यांचा अर्थ इतकाच, की तापल्यावर ते साध्या तेलाइतके भराभर पातळ होत नाही. यासाठी त्यात लांब साखळीचे बहुवारिक रेणू घातलेले असतात. हे रेणू पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहेत, तेव्हा त्यांना विसरू नका.

आपल्या माळव्याचा विचार करा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि जानेवारीच्या रात्री तो दहाच्या खाली उतरतो. पण वीस डब्ल्यू तेलाची परीक्षा शून्याखाली पंधरा अंशांना घेतात, आणि ती वेळ इंदुरात कधी येत नाही. तेव्हा आपल्याकडे तेल थिजण्याचे भय नाही. तरीसुद्धा पहाटेच्या पहिल्या किकेला तेल जितक्या लवकर वरच्या कॅमपर्यंत पोहोचेल, तितकी झीज कमी. या दृष्टीने पहिला आकडा लहान असणे हिताचेच.

मग दाट तेल घालणे केव्हाही चांगले, हे आमच्या उस्तादांचे वचन खरे काय? नाही. एंजिन आखणारा अभियंता बेअरिंगमधील फट, तेलपंपाची क्षमता आणि तेलाच्या वाटांचा व्यास हे सारे एका ठरावीक दाटपणासाठी ठरवतो. त्याहून फार दाट तेल अरुंद फटीत वेळेवर पोहोचत नाही, स्वतः घुसळले जाऊन उष्णता निर्माण करते आणि पेट्रोल खाते. फार पातळ तेल घातले तर उष्णतेत थर तुटतो. दोन एंजिनांना, दोन्ही शंभर सीसीची असली तरी, वेगळे तेल लागू शकते. एखाद्या कारखान्याने १०डब्ल्यू-३० सांगितले आणि दुसऱ्याने २०डब्ल्यू-५०, तर दोघेही आपापल्या एंजिनापुरते बरोबर असतात. आपली मालकपुस्तिका हेच पहिले प्रमाण.

एकाच तेलाची तीन कामे

मोटरसायकल आणि मोटार यांतील महत्त्वाचा भेद आता सांगतो. मोटारीत एंजिनाचे तेल वेगळे आणि गिअरपेटीचे वेगळे. क्लच बहुधा कोरडा, तेलापासून दूर. १९८५ नंतर आपल्या रस्त्यांवर ज्या चार-स्ट्रोकी मोटरसायकली बोकाळल्या, त्यांत एंजिन, गिअर आणि क्लच एकाच कवचात बसतात आणि एकाच तेलात न्हातात. या एकाच तेलाने बेअरिंगात निसटते राहावयाचे, गिअरांच्या दातांमध्ये चिरडले जाऊनही टिकावयाचे आणि क्लचच्या तबकड्यांत मात्र घसरू द्यावयाचे नाही. तीन कामे, आणि त्यांतील दोन परस्परविरुद्ध.

काही वर्षांपूर्वी एक तरुण माजी विद्यार्थी माझ्याकडे आला. गाडीत त्याने हौसेने मोटारीचे अत्यंत महाग तेल घातले होते. एंजिन गोड चाले. पण सिमरोलच्या घाटात चौथ्या गिअरमध्ये मूठ पिळली की एंजिनाचा आवाज वाढे आणि गाडी मात्र पुढे सरकेना. समोरून ट्रक येत असताना ओलांडण्याच्या ऐन क्षणी हे घडले, तेव्हा तो घाबरला. दोष तेल हलके असण्याचा नव्हता. मोटारींसाठी केलेल्या इंधन वाचवणाऱ्या तेलांत घर्षण कमी करणारी विशेष द्रव्ये असतात. कोरड्या क्लचच्या मोटारीला त्यांचा लाभच होतो. ओल्या क्लचच्या तबकड्या मात्र त्यांच्यामुळे एकमेकींना धरत नाहीत. योग्य तेल घातल्यावर, आणि जळू लागलेल्या तबकड्या बदलल्यावर, गाडी पूर्ववत झाली.

हीच अडचण जगभर जाणवल्यामुळे जपानच्या मोटारउद्योगाने १९९८ साली चार-स्ट्रोकी दुचाकींच्या तेलासाठी जासो टी ९०३ हे मानक आणले. त्यात तेल क्लचवर प्रत्यक्ष तपासतात. ज्या तेलात क्लच घट्ट धरतो त्याला 'एमए' आणि ज्यात घर्षण कमी ते 'एमबी'. पुढे २००६ साली 'एमए'चे 'एमए १' आणि 'एमए २' असे पोटभाग पडले. 'एमए २' मध्ये क्लचची पकड अधिक. ओल्या क्लचच्या मोटरसायकलीसाठी डब्यावर 'एमए' किंवा 'एमए २' पाहूनच तेल घ्यावे. पट्ट्यावर चालणाऱ्या बिनगिअरच्या स्कूटरीत क्लच कोरडा असतो. तेथे 'एमबी' चालते, नव्हे, अनेकदा तेच सांगितलेले असते.

डब्यावर एपीआयची अक्षरेही असतात: एसजी, एसजे, एसएल, एसएम, एसएन. ही तेलाच्या गुणवत्तेची पायरी सांगतात. एसएल २००१ ची, एसएन २०१० ची, एसपी २०२० ची. पुढचे अक्षर म्हणजे अधिक अलीकडची परीक्षा. परंतु ती परीक्षा मोटारींच्या गरजा समोर ठेवून आखलेली असते. म्हणून केवळ पुढचे अक्षर पाहून भुलू नये. एपीआय आणि जासो ही दोन्ही चिन्हे पुस्तिकेशी जुळली पाहिजेत.

आता ते बहुवारिक रेणू आठवा. मोटरसायकलीत तेल गिअरांच्या दातांतून जाते, आणि तेथे हे लांब रेणू कातरीत सापडल्यासारखे तुटतात. त्यामुळे पन्नास नंबरचे तेल वापरता वापरता चाळिशीपर्यंत उतरू शकते. गिअर खटखटू लागणे, न्यूट्रल न सापडणे, ही पुष्कळदा त्याचीच खूण. मोटारीच्या मानाने मोटरसायकलीचे तेल लवकर बदलावे लागते, याचे हे एक कारण. दुसरे म्हणजे मोटारीत तीन-चार लिटर तेल असते आणि येथे जेमतेम लिटरभर. संश्लेषित, म्हणजे सिंथेटिक, तेल उष्णतेत अधिक काळ टिकते, हे खरे. पण पुस्तिकेने साधे खनिज तेल सांगितलेल्या गाडीला ते वेळेवर बदललेत, तर ती गाडी सुखाने चालते. महाग तेल घालून दुप्पट काळ चालवण्यापेक्षा साधे तेल वेळेवर बदलणे शहाणपणाचे.

जेथे गिअरचे तेल वेगळे

काही वाहनांत मात्र गिअरपेटीचा संसार वेगळा असतो. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या बुलेटच्या जुन्या बांधणीत एंजिन, गिअरपेटी आणि क्लचची साखळीपेटी अशी तेलाची तीन स्वतंत्र ठिकाणे होती. २००८ पासून एकत्रित एंजिने येऊ लागली, तेव्हा हा भेद संपत गेला. जुनी बुलेट जिवापाड जपणारे काही माजी विद्यार्थी येथे आहेत. त्यांनी तिन्ही ठिकाणे लक्षात ठेवावीत. टू-स्ट्रोक गाड्यांत एंजिनाचे तेल पेट्रोलबरोबर जळून जाते, म्हणून गिअर आणि क्लच यांचे तेल स्वतंत्र. बिनगिअरच्या स्कूटरीतही मागील चाकाजवळच्या दंतचक्रांसाठी बहुधा शंभर-सव्वाशे मिलिलिटर तेल निराळे असते, आणि तेच सर्वांत जास्त विसरले जाते.

गिअर तेलाचे आकडे पाहून लोक फसतात. नव्वद नंबर म्हणजे पन्नास नंबरच्या जवळजवळ दुप्पट दाट, असा हिशेब ते करतात. या दोन मोजपट्ट्याच भिन्न आहेत. शंभर अंशांना नव्वद नंबरच्या गिअर तेलाची श्यानता १३.५ ते १८.५, म्हणजे चाळीस-पन्नास नंबरच्या एंजिन तेलाच्या आसपासच, असते. गोंधळ होऊ नये म्हणूनच गिअर तेलाला मोठे आकडे दिलेले आहेत.

जीएल-४ आणि जीएल-५ या अक्षरांकडेही लक्ष असावे. जीएल-५ मध्ये जबर दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये अधिक असतात. ती मोटारींच्या मागील आसातील गिअरांसाठी योजलेली. काही तेलांत ती उष्णतेत पितळ-काशाच्या बुशांना खातात. जुन्या गिअरपेटीत असे बुश असतात. आणि ज्या पेटीत क्लचही भिजतो, तेथे असे तेल घालणे म्हणजे क्लचला मुद्दाम घसरवणे.

माझी चूक कोठे होती

आता १९८६ कडे परत येतो. टू-स्ट्रोक एंजिनात तेल जळावयाचेच असते, म्हणून टू-टी तेल कमीत कमी राख ठेवून जळेल असे बनवतात. चार-स्ट्रोकी एंजिनाचे तेल न जळण्यासाठी बनवलेले. त्यातील कॅल्शियम व जस्ताची संयुगे जळाल्यावर राख उरते. मी सांगितलेल्या तेलाची राख पिस्टनच्या माथ्यावर साचून निखाऱ्यासारखी धगधगू लागली, आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू लागले. रिंगांच्या खाचा चिकटल्या. निकास मार्ग काजळीने अरुंद झाला. दाट तेल पेट्रोलमध्ये नीट मिसळलेही नसणार. आणि तेल दुप्पट केल्यामुळे कार्ब्युरेटरच्या त्याच छिद्रातून पेट्रोल थोडे कमी जाऊ लागले. मिश्रण विरळ झाले, आणि विरळ मिश्रण अधिक तापते. एंजिन थंड करावयास गेलो आणि चारही बाजूंनी तापवून बसलो.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. एंजिन पुन्हा जोडताना लक्षात आले, की त्याची ठिणगी पडण्याची वेळच पुढे सरकलेली होती. भाराखाली तापणे आणि खडखडणे याचे मूळ कारण ते. पॉइंटची फट पाच मिनिटांत जुळवता आली असती. तेलाचा दोषच नव्हता. मी मात्र तेलाचे औषध दिले. तपासल्यावाचून औषध देणाऱ्याला आपण वैदू म्हणतो. मला दुसरे काय म्हणावे?

टू-स्ट्रोक गाड्या आता विरळ झाल्या. पण ज्यांनी हौसेने त्या जतन केल्या आहेत, त्यांना दोन गोष्टी सांगतो. पुस्तिकेने दोन टक्के सांगितले असेल तर लिटरला वीस मिलिलिटर टू-टी तेल, मोजून. नजरेच्या अंदाजाने नव्हे. आणि लांब उतार मूठ पूर्ण बंद करून उतरू नये. पेट्रोल मिसळून चालणाऱ्या गाडीत मूठ बंद म्हणजे तेलही बंद, आणि वेगाने फिरणारा पिस्टन कोरडा. अधूनमधून मूठ किंचित उघडावी.

निवड आणि निगा

एवढ्या विवेचनाचे सार चार वाक्यांत येते. पुस्तिकेतील एसएई आकडे पाहावे. जासोचे अक्षर पाहावे. एपीआयची पायरी पुस्तिकेत सांगितलेलीच असावी. ती वरची घ्यावयाची झाली, तरी जासोचे अक्षर सोडू नये. आणि गिअर तेल वेगळे आहे काय, हे विचारावे. कंपनीचे नाव यानंतर येते. या चार गोष्टी जुळल्या, तर कोणत्याही प्रामाणिक कंपनीचे तेल चालेल.

निगा त्याहून महत्त्वाची. गाडी सपाट जागी सरळ उभी करून तेलाची पातळी पाहावी. काही गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पाहावयाची असते, काहींत पूर्ण बसवून. हेही पुस्तिकाच सांगते. पातळी खाली जाऊ देऊ नये, आणि 'थोडे जास्त असू दे' म्हणून वरही नेऊ नये. जास्तीचे तेल फेसाळते आणि सीलांवर दाब आणते. तेल काळे झाले म्हणजे वाया गेले, असे नाही; काजळी पोटात घेणे हे त्याचे कामच आहे. मात्र ते दुधाळ दिसू लागले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजून ताबडतोब तपासावे. नव्या गाडीचे पहिले तेल ठरलेल्या वेळी बदलावे, कारण नव्या दातांचा आणि रिंगांचा कीस त्यात असतो. घर ते बाजार एवढीच धाव असलेल्या गाडीचे तेल किलोमीटर भरले नाहीत तरी मुदतीत बदलावे. एंजिन पुरते तापत नाही आणि ओलावा आत साचतो.

तेल सीलबंद डब्यातील, पावती घेऊन विकत घ्यावे. बदलल्यानंतर रिकामा डबा जसाच्या तसा टाकू नये. तो भोसकून, लेबल फाडून टाकावा, म्हणजे भेसळ करणाऱ्यांच्या हाती लागणार नाही.

आणि एक शेवटची गोष्ट, जी सांगताना मला पुन्हा मान खाली घालावी लागते. कित्येक वर्षे माझ्या शेडमधले जळके तेल आम्ही अंगणात धूळ बसावी म्हणून शिंपडले, आणि उरलेले नाल्यात सोडले. नाला कोठे जातो? कान्ह नदीत. कान्ह क्षिप्रेला मिळते. सरांनी पुढच्या एका भेटीत तो दुसराच प्रश्न विचारला होता: "हे ओतलेले पुढे कोठे जाते रे?" आपले शहर २०१७ पासून अनेक वर्षे देशात स्वच्छतेत पहिले आले, त्या शहरातील गॅरेजवाल्याला हा प्रश्न टाळता येणार नाही. वापरलेले तेल कायद्याने धोकादायक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्यांवरही ते परत घेऊन शुद्ध करविण्याची जबाबदारी आली आहे. घरी तेल बदलणाऱ्यांनी ते बाटलीत भरून गॅरेजात द्यावे, आणि गॅरेजवाल्यांनी अधिकृत संकलकाकडे. माझ्या शेडमध्ये आता त्यासाठी एक पिंप आहे.

ते दूधवाले गृहस्थ पुढे अनेक वर्षे माझ्याकडेच येत राहिले. त्यांचा नातूही येतो. त्याची गाडी चार-स्ट्रोकी आहे, आणि तेल बदलताना तो मला दर वेळी विचारतो, हेच तेल का? मी हातातले काम बाजूला ठेवून त्याला पहिल्यापासून सांगतो. दुकानातली पोरे हसतात. पण त्यांनाही आता सारे पाठ झाले आहे.

सरांना द्यावयाचे उत्तर मी असे हप्त्याहप्त्याने देत आलो आहे. आज ते एकदम देण्याची संधी शाळेने दिली. सरांच्या स्मृतीला वंदन करून थांबतो.